गंजलेली जीप : वजनावर विकावी कीं घरीं उभी करावी ?

सुगी आटोपून खळीं मोकळीं झालीं म्हणजे भंगाराचा व्यापारी काटा घेऊन गांवोगांव फिरूं लागतो. मोडका नांगर, फुटका नळ, बंद पडलेलें इंजिन, जें लोखंड दिसेल तें किलोवर तोलून तो घेऊन जातो. अलीकडे त्याची दृष्टि गोठ्यामागें उभ्या असलेल्या जुन्या जीपगाडीवर विशेष असते. मालकासही ती अडगळच वाटत असते. कोंबड्या तींत अंडीं घालतात, पावसाळ्यांत हौद्यांत गवत उगवतें, आणि हें धूड येथून कधीं जाणार असें घरांतील मंडळी रोज विचारतात. सौदा दहा मिनिटांत होतो. उलट कांहीं घरांत ह्याच गाडीवरून दुसरा प्रकार चालतो. मुलगा मोबाईलवर चकचकीत रंगविलेल्या जुन्या जिपांचीं चित्रें पाहतो आणि पिकाच्या पैशांतून प्रथम रंगाऱ्यास व गादीवाल्यास बोलावतो. माझ्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत आणि दोहोंचें कारण एकच आहे : निर्णय घेण्यापूर्वीं गाडी कोणी नीट पाहिलेलीच नसते. जुनी गाडी प्रथम कागदावर, नंतर सांगाड्यावर व मग ब्रेकवर तपासावी. ह्या कसोट्यांस ती उतरेल तरच हातीं घ्यावी. आणि घेतल्यास आपल्या हातांनीं, आपल्या सवडीनें व कर्ज न काढतां उभी करावी, एवढेंच मला वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

हें मी ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. आमच्या घरची जीप १९७२ सालची, उंच नाकाची आहे. हा नमुना मूळ अमेरिकेंतील विलिस कंपनीनें १९५३ सालीं काढला. इंजिनाच्या हवा आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर बसविल्यामुळें इंजिन उंच झालें आणि त्यावरील बॉनेटही उंच करावें लागलें. अमेरिकेंत त्याचें उत्पादन १९६८ सालीं थांबलें. परंतु आपल्याकडे महिंद्रा कंपनीनें तो नमुना पुढें कित्येक वर्षें चालूं ठेवला. वडिलांनीं गाडी जुनीच घेतली होती. पेट्रोल परवडेना म्हणून १९८६ सालीं त्यांनीं तींत डिझेल इंजिन बसविलें व मागें माल वाहण्यासाठीं पत्र्याचा हौदा करून घेतला. खताचीं पोतीं, कांद्याच्या गोण्या, लग्नाचें वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सर्व कांहीं तिनें वाहिलें. वडील वारल्यावर ती जी गोठ्याशेजारीं उभी राहिली ती बारा वर्षें हलली नाहीं. धाकटे बंधु म्हणत, वजनावर द्यावी; पुतण्या म्हणे, रंगवावी. माझें आयुष्य महसूल खात्यांत गेल्यामुळें माझा हात मात्र पान्याकडे न जातां कागदाकडे गेला.

कागदांत पहिली गोष्ट वारसाची. जमिनीचा खातेदार वारला म्हणजे आपण तलाठ्याकडे धांव घेतों, फेरफार होतो, सातबाऱ्यावर वारसांचीं नांवें चढतात. गाडीविषयीं ही काळजी आपण घेत नाहीं. मोटर वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम ५० प्रमाणें मालक वारल्यावर ज्याच्या ताब्यांत गाडी येईल त्यानें तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचें असतें आणि तीन महिन्यांच्या आंत ती आपल्या नांवावर करण्याचा अर्ज द्यावयाचा असतो. आमच्याकडे हें कोणीच केलें नव्हतें. बारा वर्षें गाडी एका मृत मनुष्याच्या नांवावर होती आणि आम्ही तिघे भाऊ ती विकावी कीं रंगवावी ह्यावर वाद घालीत होतों ! ज्या वस्तूवर आपलें नांव नाहीं ती विकण्याचा किंवा रंगविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मीं घरांत विचारला तेव्हां वाद थांबला आणि संमतिपत्रें लिहून झालीं. भावाभावांतील गैरसमज मिटविण्यास ह्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाहीं.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. सांगाड्यावर ठोकलेला व इंजिनावरील क्रमांक गाडीच्या पुस्तकाशीं ताडून पहावे. गंजांत बुजलेला सांगाड्याचा क्रमांक तारेच्या ब्रशानें हलकें घासून वर खडू फिरविला म्हणजे वाचतां येतो. आमचा क्रमांक जुळला. इंजिनाचा मात्र संगणकांतील नोंदीशीं जुळेना. तेथें अद्याप जुनें पेट्रोल इंजिनच नांदत होतें. इंजिन व हौदा ह्या दोन्ही बदलांची शिक्क्यासह नोंद पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होती. जुन्या पुस्तकावरून संगणकांत मजकूर उतरवितांना तें पान राहून गेलें होतें. सातबारे संगणकावर आले तेव्हां खातेदारांचीं नांवें अशींच सुटलीं होतीं आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खालीं दुरुस्तीचे ढीगभर अर्ज आम्हीं हातावेगळे केले होते. सबब मला लिहिणाऱ्याचा राग आला नाहीं. परंतु वडिलांनीं तें पुस्तक पत्र्याच्या पेटींत शेतसाऱ्याच्या पावत्यांबरोबर जपून ठेवलें नसतें, तर ही गाडी कायमची अडकली असती, हें खरें.

तिसरी गोष्ट मुदतीची. पंधरा वर्षें झालीं म्हणजे गाडी मोडलीच पाहिजे, असा समज खेडोपाडीं पसरला आहे. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालविण्यास मनाई केली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी संपविण्यांत आली. ह्या दोन बातम्यांवरून तो समज निघाला असावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें तपासणींत गाडी योग्य ठरल्यास ती पांच पांच वर्षांनीं वाढवून मिळते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीस योग्यतेचा दाखला त्याहून वारंवार घ्यावा लागतो. तेव्हां आपल्या पुस्तकांत गाडी कोणत्या वर्गांत लिहिली आहे तें आधीं वाचावें. थकलेला कर, दंड व शुल्क ह्यांची बेरीज कचेरींतून लेखी घ्यावी. एजंटाच्या तोंडी आंकड्यावर विसंबूं नये. कित्येकदां ही बेरीजच गाडीचें भवितव्य ठरविते.

येथेंच आणखी एक निवड करावी लागते. गाडी शोभेची ठेवावयाची कीं कामाची ? २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठीं वेगळे नियम केले. त्यांखालीं नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठेविलें असून ती दहा वर्षें चालते, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. मान मोठा आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणें व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढावयाची असते. शिवाय तिचा सांगाडा, बांधणी व इंजिन मूळ रूपांत असावीं लागतात. डिझेल इंजिन घातलेल्या आमच्या गाडीस तो मान मिळणें नव्हतें, आणि शेतकऱ्यास त्याची गरजही नाहीं. ज्यांची जीप अद्याप मूळ पेट्रोल इंजिनाची आहे त्यांनीं मात्र तें इंजिन उपटून टाकण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

कागद पाहून गाडी मोडण्याचेंच ठरलें, तरी ती काट्यावर देऊं नये. गाडी कायमची निकामी झाल्यास चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी असें कलम ५५ सांगतें. गाड्या मोडणाऱ्या केंद्रांचे नियम २०२१ सालीं झाले असून नोंदणीकृत केंद्रांत गाडी दिल्यास दाखला मिळतो व नवी गाडी घेतांना त्याचा उपयोग होतो. काट्यावर दिलेल्या गाडीचा क्रमांक उद्यां दुसऱ्या कोणत्या गाडीवर चढला, तर चौकशी येते ती पुस्तकांतील मालकाच्या दारीं.

आतां गंजाविषयीं. लोखंडास पाणी व हवा मिळाली म्हणजे गंज चढतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण शेतकऱ्याची गाडी शहरांतील गाडीपेक्षां लवकर कां सडते हें लक्षांत घेत नाहींत. पाण्यांत क्षार मिसळला कीं गंज झपाट्यानें वाढतो, आणि आपलीं खतें हे बहुतांशीं क्षारच आहेत. पोटॅशच्या पोत्यांतून सांडलेली भुकटी हौद्याच्या सांध्यांत बसते, दमट हवेंत पाणी ओढून घेते आणि पत्रा आंतून खात राहते. गाडी गोठ्याजवळ असली म्हणजे गोमूत्राची ओल व वाफ त्यांत भर घालते. म्हणून खत वाहिल्यावर हौदा त्याच दिवशीं धुवावा, तळांतील पाणी जाण्याचीं छिद्रें काडी घालून मोकळीं ठेवावीं, आणि गाडी उघड्या मातीवर न ठेवतां फरशीवर किंवा फळ्यांवर उभी करावी. एवढें वडिलांच्या पश्चात् कोणी केलें असतें तर पुढील निम्में काम वांचलें असतें.

सांगाडा तपासण्यास यंत्र लागत नाहीं. गाडी जॅकनें उचलून बाभळीच्या जाड ओंडक्यांवर घट्ट बसवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं कोणीही, कितीही घाईंत, जाऊं नये. मग गोल डोक्याच्या हातोडीनें सांगाड्यावर टिचकी देत पुढून मागें जावें. सकस लोखंड खणखणीत वाजतें, सडलेलें भदभदतें. शंका येईल तेथें पेचकस दाबून पहावा. हौद्याचा पत्रा फुटला असल्यास भिण्याचें कारण नाहीं. तो नवा करतां येतो. परंतु स्प्रिंगा जेथें अडकविल्या आहेत ती जागा, किंवा स्टिअरिंगची पेटी जेथें बसविली आहे ती जागा पोकळ निघाली, तर वर पट्टी डकवून समाधान मानूं नये. जाणत्या वेल्डरास दाखवावी, आणि तो नको म्हणाला तर वडिलांची आठवण असली तरी गाडी मोडावी. त्या एका सांध्यावर आपलीं मुलेंबाळें बसणार असतात.

आमचा सांगाडा टिकला होता. आमची चूक पुढें झाली. पुतण्याच्या आग्रहास मी बळी पडलों आणि दिवाळीपूर्वीं गाडी रंगवून घेतली. एका कारागिरानें गंजावरच लांबी भरली, घासली आणि वर सुंदर हिरवा रंग मारला. अठरा हजार रुपये गेले. आषाढांत रंगास फोड आले. फोड फोडला तर आंत तांबडा चुरा. लांबी गंज झांकते, थांबवीत नाहीं. उलट भेगेंतून शिरलेली ओल धरून ठेवते. पुढें आम्हीं सर्व रंग खरवडून लोखंड उघडें केलें. मोठा पत्रा तारेच्या ब्रशानें घासला. लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुडवून त्यांस बॅटरी चार्जरचें ऋण टोंक व शेजारीं टांगलेल्या साध्या लोखंडाच्या पट्टीस धन टोंक जोडलें. एका रात्रींत गंज सुटून काळा गाळ तळाशीं बसला. हें काम उघड्यावरच करावें, कारण त्यांतून निघणारा वायु पेट घेतो. आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची मुळींच वापरूं नये, कारण तींतून विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें. जेथें हात पोंचत नाहीं तेथें हिरड्याचा दाट काढा लाविला. हिरड्यांतील तुरट द्रव्याचा गंजाशीं संयोग होऊन निळसर काळा थर बनतो. जुनी काळी शाई ह्याच गुणावर होत असे. त्यावर जस्ताचा प्रायमर व मग रंग दिला. हा रंग दोन पावसाळे टिकला आहे.

इंजिनाचें काम त्या मानानें सोपें गेलें, कारण आम्हीं घाई केली नाहीं. बारा वर्षें बंद असलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढूं नये. जाम झालेला पिस्टन जागच्या जागीं मोडतो. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें डिझेल व इंजिन तेल ओतलें आणि आठ दिवस तसेंच राहूं दिलें. नवव्या दिवशीं पुढील पुलीस पाना लावून हातानें हलकेंच फिरविलें, तेव्हां तें एक बोटभर सरकलें. त्या संध्याकाळीं पुतण्या जेवावयास लवकर आला नाहीं. जुनें तेल काढलें, टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, उंदरांनीं खाल्लेल्या तारा नव्या ओढल्या. रिकाम्या टाकीस वेल्डिंग करण्याचा मोह होतो. तींत वाफ शिल्लक राहते व ती स्फोट करते, म्हणून तें काम त्याच धंद्यांतील माणसाकडे द्यावें. प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावून डब्यांत ठेवावा आणि सोडण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें. सोडणें एका दिवसाचें व जोडणें महिन्याचें असतें.

तरीही एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाहीं. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदांत ब्रेकचें काम आम्हीं लवकर उरकलें. मास्टर सिलिंडरांतील रबर काढून, जसे इतर भाग धुतले तसेच, डिझेलनें धुतले. खनिज तेल लागलें कीं ब्रेकचें रबर फुगतें, हें आम्हांस माहीत नव्हतें. चार दिवस ब्रेक ठीक लागले. पांचव्या दिवशीं पुतण्या मळ्याच्या उतारावरून येत असतां पाय तळापर्यंत गेला आणि गाडी थांबली नाहीं. त्यानें गिअर पाडून ती नांगरलेल्या रानांत घातली. बांधास धडकून ती उभी राहिली. मागें हौद्यांत त्या दिवशीं कोणी बसलें नव्हतें. नेहमीं चार मजूर बायका तरी बसत. मी बांधावर जाऊन बसलों, तो किती वेळ उठलों नाहीं हें मला आठवत नाहीं. सर्व रबर, चारी चाकांचे सिलिंडर व नळ्या नव्या घातल्या आणि तेव्हांपासून ते भाग फक्त ब्रेक ऑईलनेंच धुतों. जुन्या ब्रेक पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. त्यांची धूळ हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. आणि कितीही जवळ जावयाचें असो, हौद्यांत माणसें बसवूं नयेत. ज्या क्रमानें मीं हें काम केलें तो क्रम उलटा होता. खरा क्रम असा : कागद, सांगाडा, ब्रेक व स्टिअरिंग, मग इंजिन, आणि सर्वांत शेवटीं रंग.

कोणी विचारील कीं एवढ्या खटाटोपापेक्षां हप्त्यावर नवें पिकअप कां घेऊं नये ? ज्यास रोज पहाटे भाजी बाजारांत न्यावयाची आहे त्यानें तेंच घ्यावें. जुनी जीप जास्त धूर सोडते, जास्त डिझेल पिते, आणि वेळेवर पोंचेलच असें वचन देत नाहीं. तिच्यावर धंदा उभा करूं नये. परंतु ज्याचें काम मळा ते घर व आठवड्याचा बाजार एवढेंच आहे, त्यास सात वर्षांचा हप्ता नाकापेक्षां मोती जड असा होतो. हप्ता पाऊस पाहत नाहीं. जुन्या गाडीचा खर्च, जेवढे पैसे हातीं येतील तेवढाच करतां येतो आणि पीक बुडालें त्या वर्षीं ती ओंडक्यांवर स्वस्थ उभी राहते. ह्या सोयीचा फायदा कर्ज काढणाऱ्यास मिळत नाहीं. म्हणून दुरुस्तीसाठीं पीककर्जांतील एक रुपयाही वळवूं नये, हें मी पुन्हां सांगतों.

दुसरा लाभ वहींत मांडतां येत नाहीं. पूर्वीं आपला शेतकरी गाडीच्या आंसास वंगण स्वतः घालीत असे, धाव सैल झाली कीं आवाजावरून ओळखीत असे आणि लोहाराच्या भात्यापाशीं बसून काम करून घेत असे. आज आपल्या दारांत यंत्रें वाढलीं आणि त्यांची ओळख कमी झाली. फवारणीचा पंप अडला कीं तालुक्यास जावें लागतें. माझ्या पुतण्यानें ही जीप सोडून जोडली आणि आतां तो शेजाऱ्यांचे पंप व रोटाव्हेटर पाहून देतो. जिपेचे भाग आजही मिळतात, तिचा सांगाडा वेगळा व बांधणी नटबोल्टांची असल्यामुळें ती घरीं सुटते. शिकण्यास ह्याहून सोशिक पाटी नाहीं.

आपल्या मंडळापुढें माझी एक सूचना आहे. दोन मजबूत जॅक, चार लोखंडी आधार, एक वेल्डिंगचा संच, हवेचा पंप व पान्यांची पूर्ण पेटी एवढें साहित्य मंडळानें सामाईक घ्यावें आणि दिवसाच्या अल्प भाड्यानें सभासदांस द्यावें. एका घरास हें साहित्य परवडत नाहीं, आणि तें नाहीं म्हणूनच मुलें विटांवर गाडी चढवून तिच्याखालीं शिरतात. दर वर्षीं मृगापूर्वीं एक दिवस जाणत्या मिस्त्रीस बोलावून सभासदांच्या गाड्यांचे ब्रेक व सांगाडे तपासून घ्यावेत, आणि त्याच दिवशीं गाड्यांच्या कागदांचीही पाहणी व्हावी. कागदांच्या कामास मी विनामूल्य बसेन.

तोंवर प्रत्येक वाचकानें एवढें करावें. पुढील खेपेस भंगाराचा काटा दारांत आला म्हणजे त्यास आठ दिवसांनीं ये म्हणून सांगावें, पेटींतून गाडीचें पुस्तक काढावें आणि पहिल्या पानावर कोणाचें नांव आहे तें वाचावें.